आवाजामागचा श्वास

१

सिस्टरांना नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. उभा जन्म दवाखान्याच्या वॉर्डात गेला, तिथे त्या सिस्टर. निवृत्त झाल्यावर घरोघरी जाऊन आजारी माणसांपाशी बसायचं काम धरलं, तिथेही सिस्टर. नवरा तेवढा नावाने हाक मारायचा. तो गेला आणि जाताना नावही घेऊन गेला म्हणायचं. लेक होती, पण ती आई म्हणायची, आणि राहायची दूर.

या शहरात त्या एका म्हाताऱ्या बाईंच्या सेवेला आल्या होत्या. बाई गेल्या आठवड्यात गेल्या. त्रास न होता गेल्या, पण जायला फार वेळ घेतला. सगळं आटोपल्यावर त्या घरची सून म्हणाली, "सिस्टर, इतके महिने तुम्ही आमच्या त्या एका खोलीबाहेर पडला नाहीत. बस संध्याकाळची आहे ना? मग दिवसभर शहर बघून घ्या. माणसं कुठून कुठून येतात बघायला."

खरं म्हणजे सिस्टरांना काही बघायचं नव्हतं. झोपायचं होतं. पण ज्या घरातलं काम संपलं तिथे दिवसभर लोळत पडणं बरं दिसत नाही, एवढं त्यांना कळत होतं. सकाळीच त्यांनी निरोप घेतला, बॅग बसस्थानकावर ठेवायला दिली आणि हातात एक कापडी पिशवी घेऊन शहर बघायला निघाल्या.

तीन ठिकाणांचं मिळून एकच तिकीट होतं. घुमटाचं प्रार्थनाघर, टेकडीवरचं देऊळ, आणि शेवटी जुना मठ, ज्याचं आता संग्रहालय केलं होतं. तिकिटाबरोबर कानाला लावून ऐकायचं यंत्र मिळत होतं. गळ्यात अडकवायचं, भिंतीवर जो आकडा दिसेल तो दाबायचा, की माहिती सुरू. काउंटरवरच्या मुलीने त्यांचं ओळखपत्र ठेवून घेतलं.

"यंत्र मठात परत करा. ओळखपत्र तिथेच मिळेल," ती म्हणाली. "तिकडे आमची दुसरी मुलगी बसते."

प्रार्थनाघरात गार होतं. फरशी नुकतीच पुसलेली होती आणि मेणबत्त्यांच्या वासात ओल्या फडक्याचा वास मिसळला होता. माणसांच्या बसण्याने बाकं इतकी गुळगुळीत झाली होती की त्यांवर बसलं की माणूस आपसूक मागे सरकावा. सिस्टर मागच्या बाकावर बसल्या, कानांवर यंत्र चढवलं, पहिला आकडा दाबला.

आवाज पुरुषाचा होता. भरदार, सावकाश, शाळेत इतिहास शिकवणाऱ्या मास्तरांसारखा. सिस्टरांनी मनातल्या मनात त्याचं नावच मास्तर ठेवून टाकलं. मास्तर सांगत होते की हा घुमट कसा उचलला, वर जायला जिना कुठून आहे, उजेड कुठल्या झरोक्यातून येतो. सिस्टरांनी डोळे मिटले. कुणीतरी सांगतंय आणि आपण नुसतं ऐकायचं, ही चैन त्यांच्या वाट्याला फार दिवसांनी आली होती.

मास्तर एका वाक्यापाशी थांबले. त्या थांबलेल्या जागेत कुणीतरी श्वास घेतला.

मास्तरच असतील, सिस्टरांना वाटलं. बोलणारा माणूस श्वास घेणारच. पण मास्तर पुन्हा बोलू लागले तरी तो श्वास चालूच होता. त्यांच्या शब्दांच्या मागून, त्यांच्याशी काही देणंघेणं नसल्यासारखा, आत आणि बाहेर.

२

सिस्टरांनी दुसरा आकडा दाबला, तिसरा दाबला. मास्तर खांबांवरून रंगीत काचांवर आले, काचांवरून वेदीवर आले. श्वास मागे होताच.

असेल, त्या स्वतःला म्हणाल्या. घरीच बसून ध्वनिमुद्रण केलं असेल बिचाऱ्याने. बाजूच्या खाटेवर म्हातारे वडील झोपले असतील. नाहीतर माझ्याच कानांना सवय लागलीय. महिनोन् महिने एकाच माणसाचा श्वास मोजत बसलं की कान भरून राहतात; बाळंतिणीला शेजारच्या घरातलं मूल रडलं तरी जाग येते, तसंच हे.

पण बाईंचा श्वास त्यांना पाठ होता. तो बारीक होता, शिट्टीसारखा. हा जाड होता, छातीच्या तळातून येणारा. हा पुरुषाचा होता.

पुढच्या बाकावर एक जोडपं बसलं होतं. टोपीवाले गृहस्थ आणि त्यांची बायको, दोघांच्याही कानांवर तसलीच यंत्रं. सिस्टरांना अनोळखी माणसांशी बोलायचा संकोच नव्हता. त्यांच्या धंद्यात तो परवडत नाही.

"माफ करा हं," त्या म्हणाल्या, "तुमच्यात मागून कुणाचा श्वास ऐकू येतो का?"

"श्वास?" गृहस्थांनी टोपी मागे सरकवली. आकडा पुन्हा दाबून त्यांनी ऐकलं, मान हलवली. मग सिस्टरांचं यंत्र कानाला लावलं आणि डोळे बारीक करून बराच वेळ ऐकत राहिले. "थोडी घरघर आहे खरी. यंत्र जुनं असेल तुमचं. बदलून घ्या."

"बघू," म्हणत बायकोने ते ओढून घेतलं. "मला तर बाई काहीच ऐकू येत नाही. यांचं काय सांगू तुम्हाला. घरात मी शंभर हाका मारते त्या यांना ऐकू येत नाहीत, आणि इथे घरघर ऐकू येते."

गृहस्थ हसले. सिस्टरही हसल्या. यंत्र परत घेताना मात्र त्यांच्या मनात तो शब्द अडकून राहिला. गृहस्थांनी तो सहज वापरला होता, खडखडणाऱ्या पंख्याबद्दल वापरावा तसा. सिस्टरांनी तो शब्द वापरला की वॉर्डातले नातेवाईक उठून उभे राहायचे.

३

टेकडीला पायऱ्या होत्या. सिस्टर मधेमधे टेकत, गुडघ्याला हात लावत वर पोचल्या. आपलाच श्वास इतका चढला होता की दुसऱ्या कुणाचा ऐकू येण्याचा प्रश्न नव्हता. देवळाच्या ओवरीत गार सावली होती. एक पुजारी तांब्या-पितळेची भांडी उन्हात वाळत घालत होता. तो त्यांच्याकडे बघून म्हणाला, "बसा, बसा. देव कुठे पळून जात नाही." सिस्टर खांबाला टेकून बसल्या. दम खाली बसेपर्यंत त्यांनी यंत्राला हात लावला नाही.

मग लावलाच. मास्तर म्हणाले, या खांबांवरची वेलबुट्टी बारकाईने पाहा.

मागचा श्वास बदलला होता.

तो आता एकसारखा नव्हता. लहानापासून सुरू व्हायचा, मोठा होत जायचा, धापेसारखा वाढायचा, मग उतरत उतरत अगदी बारीक होऊन थांबायचा. थांबायचा तो चांगला थांबायचा. आणि आता संपलं असं वाटत असतानाच पुन्हा लहानापासून सुरू. वॉर्डातल्या पोरी त्याला भरती-ओहोटी म्हणायच्या. डॉक्टर त्याला काहीतरी परदेशी नाव सांगायचे. नाव काहीही घ्या, त्याचा अर्थ एकच असतो, की घरच्यांना बोलावून घ्या.

सिस्टरांनी यंत्र कानांवर दाबून धरलं. आता त्यांना खोलीही ऐकू येऊ लागली. खोली लहान असावी, भिंती दगडी, कारण आवाज लगेच परत येत होता. कुठेतरी खिडकीचं लाकडी दार वाऱ्याने हलकेच आपटत होतं. त्याची खिट्टी मोडलेली असणार. एकदा पेल्यात चमचा किणकिणला, जसा हात लागून किणकिणतो, आणि पाठोपाठ मोठा, हताश उसासा. पाणी घ्यायला हात पुढे गेला असणार आणि पोचला नसणार.

आणि मास्तर वेलबुट्टीबद्दल सांगत होते.

सिस्टरांना भीती वाटायला हवी होती. त्यांना राग आला. बाजूला माणूस चाललाय, त्याचे ओठ सुकलेत, कुणी उठून त्याला एक चमचा पाणी देत नाही, आणि हा खांब मोजतोय. उठून त्या मास्तरांच्या कानाखाली वाजवावी असं त्यांना वाटलं. मग लक्षात आलं की हे कधीतरी, कुठेतरी, कुणीतरी मुद्रित केलेलं आहे. तो जो कोण होता तो केव्हाच गेला असणार. आता राग करून कुणाला काय फायदा?

त्यांनी यंत्र काढलं. देवळात शांत होतं. पुजारी भांडी उलटी करत होता. सिस्टरांच्या लक्षात आलं की आपण मघापासून त्या थांबलेल्या श्वासाबरोबर आपलाही श्वास धरून ठेवतोय.

४

टेकडीखालच्या उपाहारगृहात त्यांनी चहा आणि टोस्ट घेतले. समोर यंत्र ठेवलं होतं, वायर गुंडाळून. लेकीचा फोन आला.

"आई, जेवलीस का?"

"चहा-टोस्ट खाल्ले."

"त्याला जेवण म्हणत नाहीत. काय काय पाहिलंस?"

सिस्टरांनी प्रार्थनाघर सांगितलं, देऊळ सांगितलं, आणि मग सांगू की नको करत यंत्राचंही सांगितलं.

"आई, तुझ्या त्या आजी जाऊन आठवडा नाही झाला. तू नीट झोपलेली नाहीस. तुझ्या कानात अजून त्याच आहेत."

"त्यांचा श्वास असा नव्हता गं."

"आता श्वासाचाही प्रकार सांगणार तू मला. ते यंत्र पिशवीत टाक आणि सरळ बसस्थानकावर जा. इकडे आलीस की मी तुला महिनाभर अंथरुणातून उठू देणार नाही."

"महिनाभर नाही उठले तर तू डॉक्टर बोलावशील."

"आई, मी थट्टा करत नाहीये," लेक म्हणाली. "आता पुरे झालं तुझं. नवीन काम घेऊ नकोस. कुणाचा फोन आला तरी नाही म्हणायचं. म्हण बघू."

"नाही," सिस्टर म्हणाल्या.

"असं पुटपुटून नाही."

"नाही म्हटलं ना," सिस्टर म्हणाल्या, आणि म्हणताना त्यांना फार बरं वाटलं. हा शब्द आपण नीट, पुरा, कधी उच्चारला होता हे त्यांना आठवेना. ठरलं. मठ बघायचा नाही. दारातच यंत्र परत करायचं, ओळखपत्र घ्यायचं, आणि बसमध्ये जाऊन डोळे मिटायचे.

५

मठाकडे जाणारी बस रिकामीच होती. सिस्टर खिडकीशी बसल्या, पिशवी मांडीवर. पिशवीत यंत्र.

पिशवीतून काही ऐकू येत नव्हतं. पण बंद दाराबाहेर उभं राहिलं तरी आतलं माणूस झोपलंय की जागं आहे हे जसं कळतं, तसं त्यांना कळत होतं की आत काहीतरी चालू आहे. त्यांनी एकदा पिशवी बाजूच्या सीटवर ठेवली. बस वळली तशी ती घसरून पुन्हा त्यांच्या मांडीला टेकली.

एकदा बघून घेऊ, त्यांनी ठरवलं. बंद आहे याची खात्री झाली की जीव थाऱ्यावर येईल.

यंत्रावरचा दिवा विझलेला होता. कानांवर बसणाऱ्या दोन गोलांपैकी त्यांनी एकच कानाला लावला.

मास्तर नव्हते. नुसता श्वास होता, भरतीला लागलेला. खिडकीचं दार आपटत होतं. आणि मग, श्वास उतरत बारीक झाला तेव्हा, त्या शेवटच्या बारीक भागात त्याने एक शब्द ठेवला.

"सिस्टर."

बसच्या कंडक्टरने मागे वळून पाहिलं, कारण सिस्टरांनी "हो" म्हटलं होतं. मोठ्याने. उभ्या जन्माची सवय, तोंडातून निघून गेलं.

त्यांनी यंत्र मांडीवर ठेवून हातांनी झाकलं. मठच तो, त्या मनाशी म्हणाल्या. मठात सेवा करणाऱ्या बायकांना सिस्टरच म्हणत असतील. मठाचीच माहिती सुरू झाली असेल, कुणीतरी जुना प्रसंग वठवून दाखवला असेल. दिव्याचा बल्ब गेला असेल, बटण अर्धवट दाबलं असेल. हे सगळं पटण्यासारखं होतं. पटवून घेता घेता त्यांना जाणवलं की आपण दुसऱ्या हाकेची वाट बघतोय.

६

मठाच्या दारात काउंटर होतं आणि तिथे दुसरी मुलगी होती. सिस्टरांनी यंत्र पुढे केलं.

"आत जाऊन तरी या," मुलगी म्हणाली. "तिकिटात आहे. बंद व्हायला अजून थोडा वेळ आहे."

"नको. दमले मी."

"यंत्राची काही तक्रार?"

"मागे कुणीतरी आहे."

मुलीने मान वळवून स्वतःच्या मागे पाहिलं. मागे भिंत होती. मग तिला कळलं आणि ती हसली. "मागून आवाज येतो म्हणताय का? लिहून ठेवते." तिने ओळखपत्र शोधायला खण उघडला.

तेवढ्यात आतून, मठातून कुठून तरी, लाकूड लाकडावर आपटल्याचा हलका आवाज आला. थोडं थांबून पुन्हा आला. सिस्टरांच्या कानांवर तेव्हा काहीही नव्हतं.

"ते काय वाजतंय?" त्यांनी विचारलं.

"एक खिडकी आहे मागच्या बाजूला. खिट्टी मोडलीय. सुतार आज येतो उद्या येतो करतोय." मुलीने ओळखपत्र काढून पुढे ठेवलं. "हे घ्या."

ओळखपत्र समोर होतं. दार उघडं होतं, बाहेर ऊन होतं, बसस्थानक दोन वळणांवर होतं. सिस्टरांनी ओळखपत्र उचलून पिशवीत ठेवलं. आणि यंत्र काउंटरवर ठेवण्याऐवजी पुन्हा गळ्यात घातलं.

"जाऊनच येते जरा," त्या म्हणाल्या.

आत एकामागून एक दालनं होती. जुनी वस्त्रं, घंटा, पोथ्या, जेवणाची लाकडी भांडी. सिस्टरांनी कशाकडे पाहिलं नाही. त्या आवाजाच्या मागे चालत राहिल्या. शेवटच्या दालनाआधी एक पहारेकरी खुर्चीवर बसला होता. वयस्क, डोळे लाल, मफलर गुंडाळलेला. त्याच्या दोन्ही कानांत कापूस होता.

"कान दुखतायत का?" सिस्टरांनी विचारलं. विचारल्यावाचून राहवेना.

त्याने हाताने ऐकू येत नाही अशी खूण केली आणि मोठ्याने म्हणाला, "थंडी असते इथे. लवकर बघून घ्या, बाई."

दुपारभर तापलेल्या त्या इमारतीत थंडी मुळीच नव्हती.

७

शेवटचं दालन म्हणजे एक खोली होती. मठातल्या आजाऱ्यांना ठेवायची खोली जशी असेल तशी मांडून दाखवलेली, दारात आडवी दोरी बांधून. लोखंडी खाट. पांढरी चादर, ताणून खोचलेली. एक लाकडी खुर्ची. तिपाईवर काचेचा पेला, त्यात चमचा. वर लहान खिडकी, तिचं दार वाऱ्याने हलत होतं. पलीकडे भिंतीत एक अरुंद कमान होती आणि कमानीमागे अंधारा बोळ. तिथे उजेड नव्हता, पाटी नव्हती.

खाटेवर कुणी नव्हतं.

सिस्टरांनी यंत्र कानांवर चढवलं. मास्तर म्हणत होते, "या खोलीत पाहण्यासारखं फारसं काही नाही. आपण पुढे जाऊ." त्यांच्या मागे श्वास होता. आता तो इतका जवळ होता की भिजलेला वाटत होता. ओहोटी लांबली होती. सिस्टरांनी यंत्र काढून गळ्यात सोडलं. मास्तरांचा आवाज चिलटासारखा बारीक झाला.

श्वास तेवढाच राहिला.

त्या दोरीपाशी उभ्या होत्या. आपण झोपेत आहोत, असं त्यांनी स्वतःला सांगून पाहिलं. पिशवीचा बंद खांद्याला काचत होता, गुडघा ठणकत होता. झोपेत गुडघा ठणकत नाही. मग त्यांना उशी दिसली. उशीच्या मध्ये खळगा होता. श्वास वाढला की खळगा किंचित खोल व्हायचा आणि चादर, ती ताणून खोचलेली चादर, छातीच्या जागी सावकाश वर उचलली जायची.

"सिस्टर," तो म्हणाला.

त्या पळाल्या नाहीत. त्यांना पुढे कितीही वेळा विचारलं असतं तरी का पळाल्या नाहीत हे सांगता आलं नसतं. भीती होती, पण त्या भीतीपेक्षा जुनं काहीतरी अंगात होतं आणि त्याने पाय उचलले. त्यांनी दोरी उचलली, वाकून आत गेल्या, खुर्ची ओढून बसल्या.

"आहे मी इथे," त्या म्हणाल्या. वॉर्डात म्हणायच्या त्याच आवाजात.

पेल्यात पाणी नव्हतं, धूळ होती. पिशवीतल्या बाटलीतलं थोडं पाणी त्यांनी चमच्यात घेतलं आणि उशीच्या खळग्याजवळ, जिथे तोंड असायला हवं तिथे, थेंबथेंब सोडलं. पाणी उशीवर पडलं नाही. ते कुठे गेलं ते त्यांनी पाहिलं नाही. चादरीवर त्यांनी हात ठेवला. चादरीखालून काहीतरी त्यांच्या बोटांना येऊन बिलगलं, हलकं, हाडांचं, आणि त्यांनी ते बिलगू दिलं.

श्वास भरतीला लागला, उतरला, थांबला. सिस्टर थांबून राहिल्या. खिडकी आपटत राहिली. बऱ्याच वेळाने उशीचा खळगा हळूहळू भरून वर आला, चादर सपाट झाली, बोटांवरचा भार निघून गेला.

सिस्टरांनी निःश्वास टाकला. काय झालं हे त्यांना कळलं नव्हतं, पण जे झालं ते नीट झालं होतं. त्यांनी उठून चादरीची सुरकुती हाताने सारखी केली. इतक्या दिवसांनी पहिल्यांदाच त्यांचे डोळे मिटायला लागले. आता बसमध्ये झोप लागेल, त्यांना वाटलं. सरळ लेकीच्या गावापर्यंत.

८

त्या दोरीखालून वाकून बाहेर आल्या तेव्हा कमानीमागच्या बोळातून कुणीतरी म्हणालं, "सिस्टर."

हा वेगळा आवाज होता. त्याच्याही पलीकडे आणखी एक होता, बाईचा. त्याच्यापुढे आणखी. कुणी घाई करत नव्हतं. रात्रपाळीची सिस्टर आली आहे हे वॉर्डाच्या या टोकाला कळलं की कुजबुज खाटेखाटेने त्या टोकाला जाते, तशा त्या हाका बोळात आत आत जात होत्या.

सिस्टरांनी कमानीकडे पाठ केली.

"नाही," त्या म्हणाल्या. पुरा शब्द, नीट.

आणि त्या निघाल्याही. पहारेकरी खुर्चीवरून उठला होता आणि हातात किल्ल्या घेऊन दिवे मालवत होता. "चला बाई, वेळ झाली," तो मोठ्याने म्हणाला. त्याच्या खांद्यावरून पुढची सगळी दालनं दिसत होती, आणि त्यांच्या टोकाला उघडं दार, कलतं ऊन, रस्त्यावरून जाणारी माणसं. सिस्टर त्याच्यापर्यंत पोचल्या. त्याला ओलांडूनही गेल्या.

मागे काहीतरी पडलं.

तो आवाज त्यांनी शेकडो वेळा ऐकला होता. खाटेवरून माणूस खाली पडल्याचा आवाज दुसऱ्या कुठल्याही आवाजासारखा नसतो. आधी मऊ, मग हाडाचा. त्यानंतर कण्हणं नाही, ओरडणं नाही; नुसतं, आपल्यामुळे कुणाला त्रास झाला याची लाज वाटल्यासारखं गप्प राहणं.

सिस्टर वळल्या. खोलीत, दोरीपलीकडे, कमान दिसत होती. कमानीच्या उंबऱ्याशी, जमिनीलगत, अंधारातून एक हात बाहेर आला होता. वाळलेला, मनगटाची हाडं वर आलेली. तो फरशी चाचपत होता.

"पडलं कुणीतरी," त्या पहारेकऱ्याला म्हणाल्या.

पहारेकऱ्याने त्यांच्या ओठांकडे पाहिलं. मग फरशीकडे पाहिलं. त्याने कानाला हात लावला, कापूस आणखी आत ढकलला आणि खाली मान घालून किल्ल्या चाळू लागला.

"हलू नका," सिस्टर त्या हाताला म्हणाल्या. "आहात तसे पडून राहा. मी आले." त्यांनी दोरी उचलली. खाटेला वळसा घालून, पदर खोचत, त्या कमानीपाशी पोचल्या आणि गुडघा सांभाळत वाकल्या. बोळात किती दारं होती ते आता दिसत होतं. सगळी उघडी होती.

त्यांनी मनगट धरायला हात पुढे केला.

तेव्हा तो हात मागे गेला. चटकन, एका झटक्यात, जनावराने बिळात जावं तसा. पडलेल्या माणसाचा हात असा मागे जात नाही. इतक्या अशक्त माणसाच्या अंगात तेवढी चपळाई नसते. सिस्टरांच्या नजरेला ते लगेच कळलं. बोळातल्या सगळ्या हाका एकदम थांबल्या होत्या.

मागे पहारेकऱ्याने शेवटचा दिवा मालवला आणि खोलीचं दार ओढून घेतलं.